हेडवॉलनंतरची झाडं

16 एप्रिल 1939. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावरून टोनी मॅट नावाचा एकोणीस वर्षांचा ऑस्ट्रियन मुलगा स्कीवर सुटला आणि 6 मिनिटं 29.2 सेकंदांत पायथ्याच्या पिंकहॅम नॉचला पोचला. अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास, उतार जवळजवळ 1,300 मीटरचा. शर्यतीचं नाव ‘अमेरिकन इन्फर्नो’. न्यू हॅम्पशायरमध्ये मुरलेल्या कुठल्याही स्कीवाल्याला विचारा, ही वेळ त्याला दशांशासकट पाठ असते. आणि गोष्ट सांगताना प्रत्येक जण एकाच ठिकाणी येऊन थांबतो, हेडवॉलवर.

थांबण्यासारखीच जागा आहे ती. शिखराच्या पूर्वेला टकरमन रॅव्हिन नावाची प्रचंड मोठी घळ आहे. लायकेनचा, म्हणजे दगडफुलासारख्या सजीवांचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड टकरमन या प्राध्यापकाच्या नावावरून तिचं नाव पडलं. घळीची मागची भिंत म्हणजे हेडवॉल. तिचा वरचा भाग 50 अंशांच्या आसपास उभा. या डोंगरावर वारा किती असतो ते सांगायचं तर 12 एप्रिल 1934 रोजी शिखरावरच्या वेधशाळेत ताशी 372 किलोमीटरचा झोत मोजला गेला होता. हाच वारा माथ्यावरचा सगळा बर्फ उचलून या घळीत आणून ओततो, म्हणून मे महिन्यापर्यंत इथे स्की चालतं. चार्ल्स प्रॉक्टर आणि जॉन कार्लटन हे दोघं 1931 च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा ही भिंत स्कीवर उतरले. त्यानंतर दोनच वर्षांत तिच्यावरून शर्यत सुरू झाली.

मॅटचा बेत साधा होता. भिंतीच्या ओठाशी दोन-चार वळणं घ्यायची, वेग कमी करायचा आणि मग सरळ सोडायचं. प्रत्यक्षात ओठ नेमका कुठे सुरू होतो याचा अंदाज चुकला. वळणं घ्यायची जागा गाठायच्या आत तो भिंतीवरून सरळ खाली निघाला होता. पुढे त्यानेच हे मोकळेपणाने सांगितलं. पडला नाही, कारण पाय भक्कम होते आणि खालचा बर्फ धड होता. दुसरा आला डिक ड्युरन्स, जवळपास एका मिनिटाने मागे. हा ड्युरन्स 1934 ची शर्यत 12 मिनिटं 35 सेकंदांत जिंकलेला, 1936 च्या ऑलिम्पिकला गेलेला, त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत तयारीचा स्कीपटू. त्याने भिंतीवर जिथे वळायला हवं तिथे वळणं घेतली. डोंगर बरोबर वाचला, आणि हरला. घड्याळाने त्या दिवशी चुकलेल्या अंदाजाला सगळ्यांत चांगली वेळ दिली.

ही गोष्ट मला आवडते, पण ती जिथे संपवतात ते मला पटत नाही. हेडवॉल उतरून मॅट घळीच्या तळाशी आला तेव्हा अर्ध्याहून जास्त अंतर शिल्लक होतं, आणि ते सगळं जंगलातलं. घळीच्या तोंडाशी हर्मिट लेक नावाचं तळं आहे. तिथून खाली पिंकहॅम नॉचपर्यंत पावणेचार किलोमीटरची शेरबर्न स्की ट्रेल जाते. महामंदीच्या काळात रूझवेल्टने बेकार तरुणांना काम द्यायला जी योजना काढली, तिच्यातल्या पोरांनी 1934 मध्ये फरच्या आणि बर्चच्या रानातून ती कापून काढली. अरुंद, वळणावळणाची वाट. वर भिंतीखालच्या खडकांवर बसून प्रेक्षक पाहत होते. इथे, दोन्ही बाजूंना खोडं आणि समोरचं पुढचं वळण आड, तो जवळजवळ एकटा. थकलेल्या मांड्या, लाकडाच्या लांब स्की, चामड्याचे बूट, हेल्मेट नाही. या भागाचं वर्णन फार कुणी करत नाही. माझ्या मते मात्र शर्यत इथे होती. भिंतीवर काही सेकंद नशीब साथ देऊ शकतं. पावणेचार किलोमीटरच्या रानात एवढा वेळ नशीब सोबत राहत नाही, तिथे प्रत्येक वळणाला नव्याने ठरवावं लागतं.

मी या भागात राहायला आले ती सह्याद्रीतली पायपीट गाठीशी घेऊन, बर्फाचा गंधही नसताना. स्की शिकले तेव्हा तिशी उलटली होती. पहिली काही वर्षं मशिनने सपाट केलेल्या रुंद उतारांवर गेली. मग एका उतारवयाच्या शिक्षिकेने मला झाडांत नेलं. स्की केंद्रांच्या हद्दीत विरळ केलेल्या रानाचे पट्टे असतात, त्यांना सगळे ‘ग्लेड’ म्हणतात. तिची पहिली सूचना होती, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढ. काठी फांदीत अडकली तर खांदा निखळू नये म्हणून. दुसरी सूचना, झाडाकडे बघू नको, झाडांमधलं पांढरं बघ. डोळा जिथे टेकतो तिथेच शरीर जातं. घाबरून खोडाकडे बघत राहिलं की माणूस त्याच खोडावर जाऊन आदळतो. आपल्याकडे घसाऱ्याच्या नाळेतून उतरताना नेमकं हेच शिकलेलं असतं. खालच्या दरीकडे टक लावून बघत राहणाऱ्याचे पाय आधी लटपटतात, आणि पुढची पावलाची जागा शोधणारा उतरून जातो.

फरक वेगाचा. साधा हिशोब मांडते. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. झाडं पाच-पाच मीटरवर असली तर दर अर्ध्या सेकंदाला एक झाड मागे पडतं. अर्ध्या सेकंदात विचार करून ठरवता येत नाही, म्हणून विचार आधी झालेला असावा लागतो. या फटीतून जाताना डोळा दोन फटी पुढे असतो आणि पाय त्याच्या मागून येत असतात. यात बर्फही एकसारखा नसतो. झाडांच्या सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला तो दिवसेंदिवस मऊ राहतो, म्हणून तर लोक रानात शिरतात. पण पाचशे पावलांवर उन्हाचा कवडसा पडणारी जागा येते, तिथे वरचा थर वितळून पुन्हा गोठलेला असतो आणि स्की अचानक पकड सोडते. कुठे ओढ्यावरचा बर्फ खालून पोकळ झालेला असतो. हे सगळं पुढच्या दोन फटींसोबत डोक्यात ठेवायचं.

आणि धोका खराच आहे. फर किंवा स्प्रूससारख्या झाडांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवून धरतात, त्यामुळे बुंध्याभोवती सैल, पोकळ खड्डा राहतो. वरून तो दिसत नाही. माणूस त्यात डोकं खाली करून पडला की भोवतालचा भुसभुशीत बर्फ त्याच्यावर ढासळतो. बहुतेकांना स्वतःहून निघता येत नाही. जखम काहीच नसताना श्वास कोंडून माणसं गेली आहेत. म्हणून रानात जोडीनेच जायचं, एकमेकींना नजरेआड होऊ द्यायचं नाही, गळ्यात शिट्टी हवी. या नियमांवर मी कधीही वाद घालत नाही.

माझी जोडीदार नागपूरची आहे. एका आडवारी, केंद्रावर माणूस जवळजवळ नव्हता तेव्हा, तिने विचारलं, “टाइम लावून पाह्यलं का तू कधी रानात? लाव ना, काही होत नाही.” आम्ही एकच ग्लेड दोनदा उतरलो. आधी नुसता, मग मनगटावरचं घड्याळ चालू करून, एकमेकींच्या मागोमाग.

पहिल्या फेरीतलं मला आजही सगळं सांगता येईल. शेंडा मोडलेला एक फर, सशाच्या पावलांची ओळ, एका खोलगट जागी गुडघाभर मऊ बर्फ. दुसऱ्या फेरीतल्या फक्त फटी मला आठवतात. झाडं आठवत नाहीत, बर्फाचा रंग आठवत नाही. फट, तिच्यामागची फट, आणि तिथून डावीकडे मोकळं होतंय की नाही एवढंच. मऊ बर्फाची ती जागा मी ओलांडली असणार, तिथून दुसरा रस्ता नव्हता. घड्याळ नसताना मी जिथे बर्फ चांगला तिथे वळले होते. घड्याळ असताना जिथून पुढचं वळण सोपं जाईल तिथे वळले. मोकळीक दोन्ही वेळा तेवढीच होती. दुसऱ्या वेळी प्रत्येक निवडीचा हिशोब लागत होता, इतकंच. खाली पोचून मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मले तर डोळ्यानं काही दिसतच नाही, पायालेच कळते.” ती माझ्याहून वेगाने उतरली होती, त्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायची माझी तयारी नाही. घड्याळ लागलं की लक्ष निमुळतं होतं, हे मात्र मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. त्या निमुळतेपणात एक तीव्र आनंद आहे आणि बरंच काही गाळलंही जातं. दोन्ही मला हवं आहे, म्हणून मी दोन्ही प्रकारे उतरते.

शर्यतींचा इतिहास वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट कळली, ती मला फार मोलाची वाटते. आज टीव्हीवर दिसते ती स्लॅलम, लाल-निळ्या खांबांमधून नागमोडी जायची शर्यत, तिचा उगम झाडांत आहे. अर्नल्ड लन हा इंग्रज माणूस 1888 साली मद्रासमध्ये जन्मला. वडील तिथे मिशनरी होते. स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन गावी जानेवारी 1922 मध्ये त्याने आधुनिक स्लॅलम घेतली. त्याआधी वळणांना गुण मिळत ते देखणेपणावर. लन म्हणाला, वळण घ्यायचं कशासाठी? समोरचा अडथळा टाळायला, तोही होईल तितका वेग राखून. मग मोजायची ती वेळ. आल्प्सच्या रानातून उतरताना स्कीवाल्याचा जो कस लागतो तो मोकळ्या उतारावर लावायचा, म्हणून झाडांच्या जागी खांब रोवले.

याच माणसाने 1911 च्या जानेवारीत ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ चषकाची शर्यत भरवली होती. चषक देणारे फील्ड मार्शल रॉबर्ट्स कानपूरचे जन्मलेले. स्पर्धक आदल्या रात्री डोंगरातल्या झोपडीत मुक्काम करून निघाले आणि हिमनदीवरून स्वित्झर्लंडमधल्याच मोंटाना गावापर्यंत आले. आखलेली वाट नव्हती, सपाट केलेला बर्फ नव्हता. 1928 च्या जानेवारीत म्यूरेनच्या कंदाहार स्की क्लबच्या सतरा जणांनी, त्यांत चार स्त्रिया, शिल्टहॉर्नचं 2,970 मीटर उंचीचं शिखर स्वतःच्या पायांनी चढून थेट खाली लाउटरब्रुनेन गावापर्यंत शर्यत लावली. तीच पहिली ‘इन्फर्नो’. जिंकणाऱ्या हॅरोल्ड मिचेलला 72 मिनिटं लागली. आज त्याच डोंगरावर सुमारे अठराशे हौशी स्पर्धक बारा-बारा सेकंदांच्या अंतराने सुटतात आणि जिंकणारा चौदा मिनिटांच्या आसपास खाली असतो. उतार तयार केलेला, बाजूला जाळ्या, स्की आणि बूट वेगळ्याच जगातले. अमेरिकेतल्या शर्यतीने नाव घेतलं ते इथूनच.

स्लॅलमचा खांब आता बिजागरीवर असतो. स्पर्धक तो हाताने, नडगीने आपटून आडवा करतात आणि शरीर त्याच्या आतून नेतात. ते कसब अफाट आहे, मी तासन्‌तास बघू शकते. पण खांब सांगतो, इथे वळ. झाड एवढंच सांगतं की इथून नाही. उरलेलं सगळं उतरणाऱ्यावर. माझं मन या दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीत गुंतलंय. जिथे वेळ मोजली जाते, पण वाट कुणी आखून दिलेली नसते.

मोठ्या स्पर्धांतून झाडं बाजूला सारली गेली ती योग्यच झालं, हेही सांगायला हवं. 1964 च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकच्या आधी सराव करताना रॉस मिल्न हा ऑस्ट्रेलियाचा एकोणीस वर्षांचा मुलगा उतारावरून बाहेर फेकला गेला आणि झाडावर आदळून मेला. मॅटच्याच वयाचा. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग गेला की झाडाशेजारी माणसाने असायला नको, त्यात मला काही शंका नाही. झाडांतली शर्यत झाडांच्याच वेगाने व्हायला हवी. रान दाट आणि वाट वाकडी असेल तर वेग आपोआप मर्यादेत राहतो. शेरबर्न कापणाऱ्यांनी वळणं ठेवली, त्याने बर्फही टिकतो आणि माणूसही.

मोकळ्या वाटेची शर्यत आजही कुठे होते? फ्रान्समध्ये एक्रां पर्वतातलं ला ग्राव्ह हे गाव. समोर 3,983 मीटरचा मेईज डोंगर. रोपवे आहे, पण आखून-सपाट करून ठेवलेले उतार जवळजवळ नाहीत, डोंगर जसा आहे तसा. तिथे 1989 मध्ये ‘डर्बी द ला मेईज’ सुरू झाली. 3,500 मीटरच्या वर हिमनदीवरून निघायचं आणि दोन हजार मीटरहून जास्त उतरून दरीत यायचं. स्की, स्नोबोर्ड, टाच मोकळी ठेवणारी टेलिमार्क स्की, दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवायची मोनोस्की, काय हवं ते पायाला बांधा, वाट तुमची तुम्ही शोधा. जिंकायचं तर आठवडाभर आधीपासून डोंगर पाहून ठेवावा लागतो. कुठल्या नाळेत कालच्या वाऱ्याने बर्फ भरलाय, कुठे खडक उघडे पडलेत. खालच्या टप्प्यात लार्चचं रान लागतं. लार्च हे सूचिपर्णी असूनही थंडीत पानं गाळतं, त्यामुळे रानात उजेड असतो आणि दूरवर दिसतं. मी ती शर्यत पाहिलेली नाही. फोटोंत पाहिलेलं ते रान माझ्या इथल्या फरच्या काळोख्या रानाहून इतकं वेगळं आहे की तिथे माझा डोळा किती फटी पुढे जाईल, हे मला जाऊन पाहायचंच आहे.

पुण्याहून कुणी फोन केला की हमखास गुलमर्गचा विषय निघतो. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा दुसरा टप्पा अफरवटच्या धारेवर जवळपास चार हजार मीटरवर नेऊन सोडतो, खाली फरची आणि भूर्जाची रानं. होय, आपल्या जुन्या पोथ्यांचं भूर्जपत्र, त्याच कुळातला बर्च इथे शेरबर्नच्या कडेला उभा असतो. तिथल्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलनं होतात. फेब्रुवारी 2010 मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीतले सतरा जवान गेले, 2023 मध्ये दोन परदेशी स्कीपटू. म्हणून मी एवढंच सांगते की स्थानिक गाइडशिवाय हद्दीच्या दोराबाहेर पाऊल टाकू नका, आणि तिथे घड्याळ खिशातच राहू द्या.

इथल्या रानांची गोष्ट निराळी, कारण ती माणसांनी हाताने राखलेली आहेत. तीसच्या दशकात कापलेल्या कितीतरी वाटा पुढे मोडल्या, रान परत चालून आलं. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकवरची ‘थंडरबोल्ट’ ही त्यांतली नावाजलेली. 1934 ची वाट, 1935 पासून शर्यती, मग बरीच दशकं शांतता, आणि आता स्वयंसेवकांनी पुन्हा मोकळी केलेली. न्यू हॅम्पशायरमध्ये ‘ग्रॅनाइट बॅककंट्री अलायन्स’ ही संस्था वनखात्याच्या आणि जमीनमालकांच्या परवानगीने असं काम करते. इंटरव्हेलजवळची ‘मेपल व्हिला’ अशीच जुन्या वाटेवरून परत जिवंत झाली. ऑक्टोबरात पानं लाल असताना लोक कात्र्या, करवती घेऊन जमतात. मीही जाते.

काम काय असतं? पडलेली खोडं ओढून बाजूला करायची, डोळ्याच्या उंचीवरच्या सुक्या फांद्या छाटायच्या, वाटेत उगवलेली बारीक झुडपं काढायची. मोठी जिवंत झाडं ठेवायची. काही रोपंही मुद्दाम राखायची, नाहीतर म्हातारी झाडं पडल्यावर रानच उरणार नाही. परवानगी नसलेल्या ठिकाणी एक फांदीही तोडायची नाही, हा पहिला नियम, कारण दोन-चार लोकांनी चोरून वाट पाडली की सगळ्यांची परवानगी जाते. एका उतारावर आम्ही तिघी-चौघी बराच वेळ एका लहानशा फरभोवती उभ्या होतो. तो काढला तर सरळ रेष मिळत होती, वेगाची. ठेवला तर उजवीकडे वळावं लागलं असतं, आणि त्या वळणाखाली सावलीतला चांगला बर्फ साठतो हे गटातल्या एकीला ठाऊक होतं. फर ठेवला. त्या हिवाळ्यात तिथून उतरताना मी दरवेळी उजवीकडे वळले आणि दरवेळी तिचं म्हणणं बरोबर निघालं.

शेरबर्नवरचा बर्फ एप्रिलात खालून वर वितळत जातो. जिथे तो संपतो तिथे वनखात्याची माणसं दोर बांधतात, त्याच्याखाली स्की खांद्यावर घेऊन शेजारच्या पायवाटेने उतरायचं. यंदा मैत्रिणीला हर्मिट लेकपासून त्या दोरापर्यंत वेळ लावून उतरायचंय. मी दोन अटी घातल्या. शनिवार-रविवार नको, कारण तेव्हा वाटेवर वरून दमून आलेली माणसं आणि मुलं असतात. आणि सकाळी लवकर नको, तेव्हा बर्फ टणक असतो, ऊन लागून वरचा थर जरा सैल होईतो, अकरापर्यंत थांबायचं. हिमस्खलन केंद्राचं त्या दिवसाचं पत्रक वाचायचं, ते तर ठरलेलंच. तिने दोन्ही अटी मान्य केल्या आणि विचारलं, “आणि तू?” प्रत्येक मोठ्या वळणाच्या खाली थांबून एकमेकींना हाक द्यायची, तेवढा वेळ घड्याळ बंद, असं आमचं ठरलंय. पहिल्या वळणापासून पुढे मी असेन.